‘हाच तो माणूस!’ – ओळख का चुकते?

जून महिन्यात नवा वर्ग हाती येतो. पन्नास-साठ नवे चेहरे. त्यांत दोन मुले हमखास अशी निघतात की पहिले पंधरा दिवस आपण त्यांची अदलाबदल करत राहतो. एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो, एकाच्या वहीतल्या चुकांबद्दल दुसऱ्याला बोलतो. वर्ग हसतो, तो मुलगा मात्र हिरमुसतो. दिवाळीची सुट्टी संपवून आपण पुन्हा वर्गावर जातो तेव्हा आपल्यालाच नवल वाटते. या दोघांत आपल्याला साम्य दिसले तरी कुठे? एकाचा चेहरा गोल, दुसऱ्याची हनुवटी निमुळती. कानांची ठेवणसुद्धा वेगळी!

हा अनुभव प्रत्येक शिक्षकाचा असतो, पण त्यामागचे विज्ञान तसे अलीकडचे आहे. २०११ साली ब्रिटनमधील रॉब जेनकिन्स, माइक बर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधा प्रयोग केला. ४० फोटोंचा एक गठ्ठा लोकांच्या हातात दिला आणि सांगितले, एकेका व्यक्तीचे फोटो वेगवेगळे लावा. प्रत्यक्षात ते फोटो फक्त दोन बायकांचे होते, प्रत्येकीचे वीस. दोघीही नेदरलँड्समध्ये टीव्हीमुळे घरोघरी माहीत असलेल्या. ब्रिटिश लोकांनी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले, म्हणजे दोन बायकांच्या सात-आठ बायका झाल्या! डच लोकांनी मात्र जवळजवळ सर्वांनी बरोबर दोनच गठ्ठे लावले.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. आपल्याला वाटते की ‘चेहरे ओळखणे’ हे एकच कौशल्य आहे आणि आपण त्यात तरबेज आहोत. खरे तर ती दोन वेगळी कामे आहेत. परिचित चेहरा आपण अंधूक उजेडात, पाठमोरा, वीस वर्षांनी, दाढी वाढवलेला असतानासुद्धा ओळखतो. अपरिचित चेहऱ्याच्या बाबतीत आपण जवळजवळ शिकाऊ असतो. प्रकाश बदलला, केस वेगळे विंचरले, कॅमेरा बदलला की तोच माणूस दुसरा वाटतो आणि दुसरा माणूस तोच वाटतो. पहिल्या कामातला आत्मविश्वास आपण दुसऱ्या कामात नकळत वापरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

अनुभवाने हे सुधारते का? ऑस्ट्रेलियात पासपोर्ट खात्यातल्या अधिकाऱ्यांची अशी परीक्षा घेण्यात आली होती. समोर जिवंत माणूस उभा, पडद्यावर फोटो, दोन्ही एकच का ते सांगायचे. फोटो दुसऱ्याचाच असताना सुमारे १४ टक्के वेळा अधिकाऱ्यांनी ‘हो, हाच’ असे सांगितले. नोकरीत किती वर्षे झाली याचा आणि चुकांचा काही संबंध दिसला नाही. ‘माझ्या नजरेला माणूस कळतो’ असे म्हणणारे बरेच भेटतात. अशा वेळी हा आकडा आठवावा.

वर्गातल्या अदलाबदलीची किंमत फार तर एक हिरमुसलेला मुलगा. हीच चूक पोलिस ठाण्यात झाली तर?

सोळा वर्षे

जून २००३ मध्ये नाशिक भागात शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. कुटुंबातली आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. सबंध महाराष्ट्र हादरावा असाच तो गुन्हा होता. पुढे सहा जणांना अटक झाली. सगळे भटक्या जमातींतले, मोलमजुरी करणारे. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशीच योग्य ठरवली. म्हणजे सहाही जण पुन्हा फाशीच्या रांगेत.

नंतर हे प्रकरण पुन्हा उघडले गेले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा निकाल बाजूला ठेवून सहाही जणांना निर्दोष सोडले. तोवर त्यांनी सुमारे सोळा वर्षे तुरुंगात काढली होती.

या निकालातली एक गोष्ट प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वाचावी अशी आहे. घटनेनंतर लगेच, आठवण ताजी असताना, वाचलेल्या आईला पोलिसांकडचा गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवण्यात आला होता. तिने त्यातून चार माणसे ओळखली होती. ती चौघे म्हणजे हे सहा जण नव्हेत, वेगळेच लोक. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा तसा जबाबही नोंदवला गेला होता. पण त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांचा तपास झाला. तो जबाब खटल्यात पुढेही आणला गेला नाही. नंतरच्या ओळखपरेडमध्ये तिने या सहा जणांना ओळखले आणि न्यायालयांपुढे आली ती फक्त ही दुसरी ओळख. प्रयोगातले पहिले निरीक्षण खोडून टाकायचे आणि सोयीचे दुसरे तेवढे छापायचे, असे कुणी विद्यार्थ्याने केले तर आपण त्याला नापास करू.

न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले आणि त्या चौघांविरुद्ध पुढील तपासाचेही निर्देश दिले. आणखी एक गोष्ट निकालात स्पष्ट नोंदवली. हे सहा जण भटक्या जमातींतले, समाजाच्या तळच्या थरातले अतिशय गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. 

मला विचाराल तर त्या आईला खोटे पाडण्याचे काहीच कारण नाही. तिने दुसऱ्यांदा जे सांगितले तेही तिला खरेच वाटले असणार. आता प्रश्न असा की प्रामाणिक माणसाची आठवण इतकी कशी बदलते?

आठवण म्हणजे फोटो नव्हे

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. मग विचारले, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? काही जणांना ‘आदळल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द घालून तोच प्रश्न विचारला, तर काहींना नुसते ‘टेकल्या’ असा सौम्य शब्द. फीत तीच असताना जोरदार शब्द ऐकलेल्यांनी सरासरी वेग ताशी सुमारे ४१ मैल सांगितला, सौम्य शब्द ऐकलेल्यांनी ३२. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्यानंतर विचारले, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फितीत काचा फुटल्याच नव्हत्या. पण ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना त्या ‘आठवल्या’.

म्हणजे आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. प्रत्येक वेळी ती नव्याने रचली जाते आणि त्या रचनेत नंतर ऐकलेले, वाचलेले, सुचवलेले सगळे मिसळते. कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा, हे खुद्द आठवणाऱ्याला सांगता येत नाही. त्यात वर्तमानपत्रातला फोटो असतो, शेजाऱ्याचे बोलणे असते, अधिकाऱ्याने सहज काढलेले ‘नीट बघा, घाबरू नका, माणूस पकडलाय’ हे वाक्यही असते.

ओळखपरेडमध्ये यात आणखी एक भर पडते. साक्षीदार समोरच्या रांगेत ‘तो’ माणूस आहे असे गृहीत धरूनच आत शिरतो. मग तो प्रत्येक चेहरा आठवणीशी ताडून पाहत नाही. रांगेतल्या सर्वांची आपसांत तुलना करतो आणि त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा निवडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी याला सापेक्ष निवड म्हटले. खरा गुन्हेगार रांगेत नसेल तर? तरीही कुणीतरी ‘त्यातल्या त्यात’ जवळचा असतोच. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर छापायचे राहून गेले तरी मुले कोणत्या तरी पर्यायावर खूण करतातच, तसेच हे. 

बरे, एकदा बोट दाखवले आणि ‘शाबास, बरोबर’ असे कुणी म्हटले की साक्षीदाराची खात्री वाढते. महिन्यांनी न्यायालयात तो साक्षीदार ठामपणे ‘हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही’ असे म्हणतो तेव्हा त्या चेहऱ्याची आठवण बहुधा ओळखपरेडमधूनच आलेली असते. साक्षीदार एकाहून अधिक असले म्हणजेही प्रश्न सुटत नाही. लंडनमध्ये अडॉल्फ बेक नावाच्या माणसाला १८९६ साली बऱ्याच बायकांनी ‘हाच तो फसवणारा’ म्हणून ओळखले. त्याने शिक्षा भोगली, सुटला, आणि १९०४ साली नव्या तक्रारींवरून पुन्हा दोषी ठरला. तो शिक्षेची वाट पाहत असतानाच खरा भामटा सापडला. या प्रकरणाच्या गदारोळानंतर इंग्लंडमध्ये १९०७ साली फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या २५० जणांच्या खटल्यांचा ब्रँडन गॅरेट यांनी अभ्यास केला, त्यांपैकी १९० खटल्यांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. चारांत तीन!

आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायचे काम असते. कोणत्या काचपट्टीवर औषध दिलेला नमुना आहे हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, असा नियम आहे. कळले की आकडे हळूच अपेक्षित बाजूला सरकतात. मोजणारा लबाड नसतो, त्याला फक्त उत्तर माहीत असते. औषधांच्या चाचण्यांत रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवतात ते याचसाठी. ओळखपरेडलाही हाच नियम लागू करता येतो. परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण हे माहीत नसावे. ‘तो माणूस यांत असेल किंवा नसेलही’ असे साक्षीदाराला आधी सांगावे. त्याची खात्री किती हे त्याच क्षणी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. अमेरिकेतल्या काही राज्यांनी हे नियम स्वीकारले आहेत. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत काही चांगल्या गोष्टी पूर्वीपासून आहेत. एक संशयित असेल तर त्याच्यासारखे दिसणारे निदान सहा जण सोबत उभे करावेत, एका परेडमध्ये दोनहून जास्त संशयित नसावेत, पोलिसांनी तिथे थांबू नये. कायद्याने ओळखपरेड हा मुख्य पुरावा नाहीच. तो तपासाला दिलेला आधार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

काळाचाही प्रश्न आहे. मुंबईच्या लोकलगाड्यांतील जुलै २००६ च्या बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींना निर्दोष सोडले. त्यात शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आलेल्या साक्षीदारांच्या ओळखीवर विश्वास ठेवता येत नाही, हे एक कारण होते. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा तसा अधिकारच उरला नव्हता, हे दुसरे. राज्य सरकार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पण टॅक्सीत बसलेल्या एका अनोळखी उतारूचा चेहरा चार महिन्यांनी किती आठवतो, हा प्रश्न कुठल्याही बाजूच्या माणसाने स्वतःला विचारून पाहावा.

अल्बममध्ये कोणाचे फोटो?

इथपर्यंतच्या चुका कोणाच्याही बाबतीत होऊ शकतात. मग त्या काही लोकांच्याच वाट्याला जास्त का येतात?

याचे एक उत्तर मानसशास्त्रात आहे. ज्या गटातले चेहरे आपण लहानपणापासून पाहिलेले नसतात त्या गटातल्या दोन माणसांत फरक करणे आपल्याला जड जाते. रॉय मालपास आणि जेरोम क्राविट्झ यांनी १९६९ साली गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे दाखवले आणि नंतर अनेक देशांत ते दिसून आले. पुण्यात शिकायला आलेल्या मणिपूर-नागालँडच्या मुलांना ‘तुम्ही सगळे सारखेच दिसता’ हे ऐकावे लागते, त्याचे मूळ इथे आहे. तिकडे गेल्यावर आपणही सगळे सारखेच दिसतो! यात द्वेष असलाच पाहिजे असे नाही, सवय नसणे एवढेच पुरते.

पण नाशिकच्या त्या खटल्याला हे उत्तर पुरत नाही. आपल्याकडे जात चेहऱ्यावर लिहिलेली नसते. तशी ती असते असे दाखवण्याचा खटाटोप ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी माणसांची नाके मोजून केला होता. कवट्या मोजून वंशांची उच्चनीचता ठरवणारी विद्यापीठे युरोपात होती. आपल्या पुण्याच्या इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या त्या अशाच एका संस्थेत, ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशानुसार बदलते, असा गुरूंचा तर्क होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक सापडत नाही असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, अशा मार्गदर्शकासमोर! पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी उभ्या केलेल्या कामाइतकीच ही गोष्टही पुण्यातल्या शाळांमधून सांगितली जावी असे मला वाटते.

तर पूर्वग्रह चेहऱ्याच्याही आधी शिरतो. तो शिरतो अल्बम तयार होताना. साक्षीदारासमोर ठेवलेल्या फोटोंत ज्यांचे फोटो नाहीत ते ओळखले जाणेच शक्य नाही. आणि ज्यांचे आहेत त्यांच्यापैकी कुणीतरी ‘त्यातल्या त्यात’ जवळचा निघणारच. मग तो पकडला जातो, त्याची नोंद होते, पुढच्या अल्बममध्ये त्याचा आणि त्याच्या भावाचा फोटो जातो. संख्याशास्त्रात आपण शिकवतो, नमुना एकाच पिशवीतून काढला तर निष्कर्षही त्याच पिशवीचा निघतो. तळ्याच्या एकाच कोपऱ्यात जाळे टाकायचे आणि मासे तिथेच असतात असे म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

ही पिशवी कधी शिवली गेली ते आपल्याला नेमके माहीत आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यानुसार काही जमातींमधली माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरली. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. १९११ आणि १९२४ साली कायद्याची व्याप्ती वाढली. मुंबई इलाख्यात अशा लोकांसाठी कुंपणाच्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांत सोलापूरची मोठी. तिथल्या त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून या जमाती ‘विमुक्त’. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठीचा कायदा आला आणि पोलिस ठाण्यांतल्या याद्यांना नवे नाव मिळाले. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर, ही रीत चालू राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मुळे ती मराठी वाचकाला घरबसल्या कळली. १९९८ साली पुणे जिल्ह्यात बारामतीला एका पारधी मजुराचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर गट उभारला आणि हे प्रकरण लावून धरले.

न्यायालयांनी अलीकडे मुळावर बोट ठेवले आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या ‘हिस्ट्री शीट’विषयी बोलताना, केवळ मागास जातीजमातीत जन्मले म्हणून निरपराध लोकांची नावे अशा नोंदींत जातात याची दखल घेतली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद रद्द करताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घ्या असे पोलिसांना बजावले. कायदा रद्द झाल्याला तेव्हा ७२ वर्षे झाली होती.

यंत्र तरी निःपक्षपाती असेल?

अनेकांना वाटते, माणूस चुकतो ना, मग कॅमेरा लावा, संगणक लावा. पुण्याला याचा अनुभव आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचे प्राण गेले. सीसीटीव्हीच्या चित्रात एक तरुण दिसत होता. मे महिन्यात मंगळूर विमानतळावर एकाला पकडण्यात आले आणि चित्रातला माणूस हाच, अशी बातमी देशभर झाली. कागदोपत्री अटक मात्र शस्त्रांच्या एका वेगळ्याच प्रकरणात होती. त्या दिवशी तो गावी लग्नाला हजर होता, असे घरच्यांचे म्हणणे. काही आठवड्यांत तो जामिनावर सुटला आणि बेकरीच्या आरोपपत्रात त्याचे नाव आलेच नाही. धूसर चित्रातला अपरिचित चेहरा! लेखाच्या सुरुवातीचा फोटोंचा गठ्ठा आठवा.

बोटांचे ठसे तरी पक्के ना? महाराष्ट्राचे अंगुलिमुद्रा केंद्र पुण्यातच, राज्य गुन्हे अन्वेषण विभागात आहे आणि त्याचे काम मोठे आहे. पण ठसा जुळवतो तोही शेवटी माणूसच. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. तिथे सापडलेल्या पिशवीवरचा एक अपुरा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने संगणकाला दिला. संगणकाने वीस संभाव्य नावे दिली. त्यांतले चौथे ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचे. एकापाठोपाठ तीन तज्ज्ञांनी ठसा त्याचाच म्हणून सांगितले. स्पॅनिश पोलिस ‘जुळत नाही’ म्हणत असतानाही ६ मे रोजी त्याला कोठडीत टाकले. दोन आठवड्यांनी स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचे दाखवले. एफबीआयने माफी मागितली, सरकारने वीस लाख डॉलर भरपाई दिली. मेफिल्डने इस्लाम स्वीकारला होता. पहिली जुळणी करताना तज्ज्ञांना हे माहीत नव्हते. पण नंतर शंका आली तेव्हा फेरतपासणी ढिली पडण्यात याचा हात असावा, असे सरकारी चौकशीतच नमूद झाले.

यानंतर इटिएल ड्रोर यांनी पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना ठशांची एकेक जोडी दिली आणि सांगितले, ही मेफिल्ड प्रकरणातली चुकलेली जोडी आहे, नीट पाहा. प्रत्यक्षात ती जोडी त्यांनी स्वतःच काही वर्षांपूर्वी ‘जुळते’ म्हणून दिलेली होती. पाचांतल्या चौघांनी आपलाच निर्णय फिरवला!

आता चेहरा ओळखणाऱ्या संगणकाकडे येऊ. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल, आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. समजा विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर कॅमेऱ्यासमोरून दोन लाख माणसे गेली. त्यांत पोलिसांना हवे असलेले २० जण आहेत. यंत्र फारच चांगले आहे. वीसपैकी १९ जणांना ते पकडते आणि निरपराध माणसाच्या बाबतीत हजारात एकदाच चुकते. तर इशारे किती वाजतील? खरे १९, आणि दोन लाखांच्या हजारात एक म्हणजे सुमारे २०० खोटे. एकूण २१९ इशाऱ्यांतले खरे १९, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. यंत्र ‘९९.९ टक्के अचूक’, आणि तरी अडवलेल्या दर बारा माणसांत अकरा भलतीच! हवी असलेली माणसे गर्दीत फार थोडी असतात, म्हणून असे होते. हजारात एक हा आकडा कागदावर लहान दिसतो, पण तो दोन लाखांना लागतो.

यातही सर्वांना समान चूक मिळत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१९ साली १८९ संगणकी पद्धती तपासल्या. अनेक पद्धतींत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत दोन वेगळ्या माणसांना एकच ठरवण्याची चूक गोऱ्यांच्या दहा ते शंभर पट होती. आशियात तयार झालेल्या काही पद्धती आशियाई चेहऱ्यांवर तशा चुकल्या नाहीत. यंत्रालाही लहानपणी दाखवलेले चेहरेच नीट कळतात म्हणायचे! जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइटमध्ये एका कृष्णवर्णीय माणसाला संगणकाच्या सांगण्यावरून घड्याळचोर म्हणून पकडले. बायको-मुलींसमोर बेड्या घालून नेले, सुमारे ३० तास डांबले आणि मग कळले, तो हा नव्हेच. आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी २०२२ साली माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरात ८० टक्के साम्य म्हणजे जुळले असे धरतो, असे सांगितले होते. ऐंशीच का, हे मुलांनी विचारायला हवे.

वर्गातला प्रयोग

मोठ्या मुलांना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. पकडले तर कारण सांगणे, नातेवाईकाला कळवणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने करावा लागतो, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली घातला. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो.

आणि एक प्रयोग करून पाहावा. दुसऱ्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला, मुलांनी कधी न पाहिलेल्या, तास चालू असताना वर्गात यायला सांगा. त्यांनी टेबलावरची खडूची पेटी उचलावी, खिडकीशी अर्धा मिनिट थांबावे आणि निघून जावे. काही बोलू नका. तीन दिवसांनी अर्ध्या वर्गाला विचारा, ‘ते कसे दिसत होते?’ उरलेल्या अर्ध्या वर्गाला विचारा, ‘त्यांच्या चष्म्याची काडी कोणत्या रंगाची होती?’ चष्मा त्यांना नसावाच. मग सहा फोटो दाखवा आणि ओळखायला सांगा, मात्र सहांत त्यांचा फोटो ठेवू नका. प्रत्येकाने खात्री किती टक्के तेही लिहावे. एका गटाला ‘यांत ते नसतीलही’ असे आधी सांगा, दुसऱ्याला सांगू नका. कागद गोळा करून दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर मांडा आणि मग त्या शिक्षकांना पुन्हा वर्गात बोलवा.

फोटो निवडताना मात्र वर्गातल्या कुणाचा पालक किंवा वस्तीतला माणूस घेऊ नका. पुढच्या वेळी वर्गात कुणाचे पेन हरवेल तेव्हा आपली नजर प्रथम कोणत्या बाकाकडे गेली, हे शिक्षकांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. वर्षभराच्या नोंदी झाल्या की त्यांत कोणती नावे पुन्हा पुन्हा येतात आणि पेन खरे कुठे सापडले, ते शेजारी शेजारी दोन रकान्यांत मांडता येईल.